कचरूला कोण सांगणार

मीनाक्षीचं ऑफिस गुलमंडीत, कापडाच्या एका दुकानावरच्या माडीवर होतं. तिचे वडील दत्तोपंत भूमी अभिलेख कचेरीत कारकून होते. सातबारा कसा वाचायचा, नकाशावरची रेघ रानात कुठं येते, हे ती त्यांच्याजवळ बसून शिकली होती. आता ती जमीन विकणाऱ्यांच्या बाजूनं काम करायची. कागद जुळवायचे, बिल्डरशी बोलायचं आणि रजिस्ट्रीच्या दिवशी शेतकऱ्याच्या शेजारी उभं राहायचं.

पडेगावच्या आप्पासाहेबांचं काम तिला सोपं वाटलं होतं. पावणेतीन एकर रान, कुणाचा वाद नाही. तीन बाजूंनी इमारती आल्या होत्या. मुलगा शिवम पुण्यात नोकरीला होता आणि तो परत येणार नव्हता. आप्पासाहेबांचे दोन्ही गुडघे गेले होते, बांधापर्यंत जायलाही काठी लागायची. राजेंद्रशेठ नावाच्या बिल्डरला तिथं रो-हाउस बांधायची होती. मोजणी झाली, इसाराची आगाऊ रक्कमही मिळाली. पैशाबरोबर नव्या लेआउटमधले तीन प्लॉट आप्पासाहेबांना मिळायचे, असंही ठरलं. मग राजेंद्रशेठच्या वकिलानं एक कागद मागितला आणि सोपं काम अडलं.

"तुमच्या शेतात गडी राहतो ना, कचरू? त्यांचं शपथपत्र हवंय," मीनाक्षी आप्पासाहेबांच्या ओसरीवर बसून सांगत होती. "उद्या त्यांनी कूळ म्हणून हक्क सांगितला तर, अशी वकिलाला शंका आहे. जमिनीत माझा काही हक्क नाही, एवढंच लिहून द्यायचंय."

आप्पासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"जमीन विकताय हे त्यांना सांगितलंय ना?"

"नाय."

"आप्पासाहेब, इसार होऊन दीड महिना झाला."

"व्हय." ते अंगणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "परवा तर त्याला ज्वारी पेर म्हणलं."

मीनाक्षीनं कागदांवरून मान वर केली.

"त्यो ईचारायला आला. मालक, औंदा कुठली पेरायची? आता सांगायचंच, म्हणून मी तोंड उघडलं. आन तोंडातून आलं, मालदांडी पेर." आप्पासाहेबांनी मान खाली घातली. "बेचाळीस वर्षं झाली ताई. मिसरूड फुटली नव्हती तवा आला. त्याचं लगीन आमच्या दारात झालं. त्याची बायको गेली तवा खांदा मी दिला. त्याला काय सांगू, ऊठ म्हणून? तुम्हीच सांगा. माझी जीभ उचलत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाक्षीनं स्कूटी रस्त्याला लावली आणि शपथपत्राची फाईल घेऊन ती रानात उतरली. ट्रॅक्टरनं पेरणी होऊन गेली होती. बांधालगतची हातभर जागा ट्रॅक्टरला जमत नाही, ती तशीच राहते. तिथं कचरू वाकून बोटांनी माती उकरत होता आणि चार-चार दाणे टाकून पायानं झाकत होता. साठीकडं झुकलेला, वाळका, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. पत्र्याच्या खोलीसमोर त्यानं तिच्यासाठी बाज टाकली, तांब्याभर पाणी आणलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

काय बोलायचं ते मीनाक्षीनं वाटेत मनाशी जुळवलं होतं. पण तिनं फाईल उघडली तोच कचरू म्हणाला, "सही पाहिजे ना, ताई?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोजणीवाले आले तवा त्यांची टेप मीच धरली होती की. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता." तो हसला. "रान विकायचं असल्याबिगर कोण मोजतंय? आन चांगलं झालं. मालकाच्यानं आता होत नाय. पाचोडला माझी लेक हाय, करुणा. तिच्याशी बोलून ठेवलंय. दिवाळी झाली की तिच्याकडं जाईन."

"मग ही पेरणी?"

कचरूनं हाताची माती झटकली. "मालक पेर म्हणले."

"पण तुम्हाला तर माहीत होतं!"

"त्यांना बोलता येईना, ताई. मला दिसत होतं. सांगायला म्हणून तोंड उघडलं आन कायतरीच बोलून बसले. मी 'कशाला?' म्हणलं असतं, तर त्यांना कळलं असतं की मला ठाऊक हाय. लई वाईट वाटलं असतं त्यांना." त्यानं कागदासाठी हात पुढं केला. "फकस्त एक करा. मला आधीपासून म्हाईत होतं, हे मालकाला बोलू नका."

त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत तो वाचू लागला. सदर जमिनीत माझा कोणताही हक्क, हितसंबंध नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "बरोबर लिव्हलंय. द्या पेन."

मीनाक्षीनं पेन काढलं होतं. शेकडो सह्या तिनं घेतल्या होत्या. पण समोरच्या माणसाच्या नखांत ओली माती होती, आणि त्या माणसाला कागद बरोबर वाटत होता, हेच तिला सहन होईना.

"आज राहू द्या," ती म्हणाली आणि फाईल मिटली. "मी परत येते."

कचरूनं मागितलेला शब्द मालकांना न सांगण्याचा होता. त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, न सांगण्याचा नव्हता. हे स्वतःला दोनदा समजावून मीनाक्षी संध्याकाळी पुन्हा आप्पासाहेबांच्या घरी गेली. ते देवळात गेले होते. वच्छलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि ते लक्षात आल्यावर पुन्हा वेगळी करायला बसल्या.

"दोघं बी येडे," त्या म्हणाल्या. "ह्यांना रातीला जेवण जाईना, मला वाटलं गुडघे दुखतेत. परवा दसरा हाय. कचरूभाऊ दर दसऱ्याला सोनं द्यायला येतेत, इथंच जेवतेत. तुम्ही बी या."

दसऱ्याच्या आधी मीनाक्षी राजेंद्रशेठला भेटली. ज्वारी निघेपर्यंत जमिनीचा ताबा मागू नका, असं तिनं सांगितलं. तो कुरकुरला. मग तिनं विचारलं, "बिगरशेतीची परवानगी कधी येणार तुमची?" तो म्हणाला, फेब्रुवारी तरी उजाडेल. "मग तोवर रिकाम्या रानात तुम्ही काय करणार?" रजिस्ट्री दिवाळीनंतर, ताबा फेब्रुवारी सरताना, असं ठरलं.

दसऱ्याला दुपारी मीनाक्षी पोचली, तिच्यामागोमाग कचरू धुतलेला सदरा घालून आला. आपट्याची पानं देऊन तो आप्पासाहेबांच्या पाया पडला. वच्छलाबाईंनी तीन पाटांसमोर ताटं मांडली, पण वाढायला घेतलं नाही. कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"जेवायच्या आधी एक ऐका. कचरूभाऊ, ह्यांनी रान विकलंय. आन अहो, कचरूभाऊला ते मोजणीच्या दिसापासून म्हाईत हाय. झालं. आता वाढते."

त्या आत गेल्या. कचरूनं एकदा मीनाक्षीकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली.

"तुला म्हाईत होतं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय, मालक."

"मग पेरलं कशाला लेका?"

"तुम्ही म्हणलात."

"आरं, मी म्हणलो..." आप्पासाहेबांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. कचरू सरकून त्यांच्याजवळ आला, पण हात लावावा की नको हे त्याला कळेना. शेवटी त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दुखत असेल म्हणून लगेच उचलला.

"रान तुमचं, मालक. विकलं तर काय झालं?"

"कागदावर माझं. मी धा वर्षांत त्यात पाय ठेवला नाय." उपरणं बाजूला करून ते मीनाक्षीकडं वळले. "ताई, मला तीन प्लॉट येणार ना? त्यातला एक कचरूच्या नावानं करा."

"नाय," कचरू ताडकन म्हणाला. "मला दान नको. माझी लेक मला सांभाळते."

"दान कोण म्हणलं?"

"लोक म्हणतील."

पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आलेल्या वच्छलाबाई मध्येच बोलल्या. "लोकांचं ऱ्हाऊ द्या. मी काय सांगते ते ऐका. हे घर रस्ता रुंदीकरणात चाललंय, पुढच्या साली आम्ही बी त्यातल्याच एका प्लॉटावर घर बांधणार. चहूकडं नवी माणसं, दारं लावून बसणारी. ह्यांना चालता येत नाय. शिवम पुण्याला. दुपारच्याला मी कुणाशी बोलू? ह्यांना काय झालं तर हाक कुणाला मारू? शेजार चांगला पाहिजे म्हणून मी मागतेय. माझ्यासाठी घ्या."

कचरूनं होकार दिला नाही. जेवला मात्र पोटभर. निघताना म्हणाला, "लेकीला ईचारतो."

आठवड्यानं तो गुलमंडीतल्या माडीचा जिना चढून मीनाक्षीच्या ऑफिसात आला. सोबत करुणा होती, पाचोडच्या बाजारात भाजी विकणारी, बापासारखीच वाळकी आणि नीट बोलणारी. तिनं फाईल मागितली आणि उभ्यानंच सगळं वाचलं. "प्लॉट बाबाच्या नावावर होईल, आन त्याचं खरेदीखत बी रजिस्टर होईल ना?" तिनं विचारलं. मीनाक्षी हो म्हणाली. "नुसत्या तोंडी गोष्टीवर नको. आप्पासाहेब देवमाणूस हायेत, पण माणूस हाय. शिवमदादाची बी सही घ्या."

शिवम पुण्याहून आला. मीनाक्षीला थोडी धाकधूक होती. पण त्यानं सही केली आणि कचरूला म्हणाला, "मला सायकल तुम्हीच शिकवली होती ना, काका?" कचरू म्हणाला, "शिकवली कुठं, तुम्ही पडतच होतात." मग त्यानं शपथपत्रावर सही केली, सावकाश, रेघेच्या वर न जाता.

ज्वारी त्या साली छातीच्या वर गेली. जानेवारीत हुरडा झाला. राजेंद्रशेठलाही बोलावलं. तो बूट काढून बसला आणि निघताना आईसाठी थोडा हुरडा बांधून घेऊन गेला. फेब्रुवारीत कापणी, मळणी झाली. मीनाक्षीला एक पोतं आलं. एकट्या बाईला एवढं काय करायचं, म्हणून तिनं अर्धं खालच्या कापडवाल्याला दिलं.

ताब्याच्या दिवशी इंजिनिअर आणि चार माणसं आली. चुन्यानं रस्त्यांच्या रेघा मारू लागली. आप्पासाहेब खुर्ची टाकून बांधावर बसले होते. वच्छलाबाईंनी थर्मासमधून चहा आणला होता. कचरूची खोली आदल्या दिवशी उतरवली होती. घर होईस्तोवर तो आप्पासाहेबांच्या ओसरीवर राहायला आला होता, आणि गादी मऊ आहे म्हणून त्याला झोप लागली नव्हती.

तो इंजिनिअरच्या मागं मागं फिरत होता. मीनाक्षीला वाटलं, त्याला आपला प्लॉट बघायचा असेल. पण तो पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"साहेब, हितं घर बांधू नका. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी हितंच येतं. भिंतीला ओल धरंल."

इंजिनिअरनं नकाशा बघितला. "इथं दोन प्लॉट दाखवलेत, बाबा."

"मग नाली हितून काढा. हितून, अशी." कचरू चालत गेला, टाच मातीत ओढत, वाकडी रेघ काढत. "पाणी आपलं आपण ह्या वाटेनं जातं. त्याला हीच वाट द्या. ज्याचं घर हुईल त्याची लेकरं आजारी नाय पडायची."

इंजिनिअरनं ती रेघ नकाशाशी ताडून पाहिली. मग त्यानं चुन्याची पाटी घेतलेल्या माणसाला बोलावलं.

आप्पासाहेब लांबून बघत होते. मीनाक्षी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी होती.

"काय सांगतोय त्यो?"

"पाणी कुठून जातं ते."

"त्याला ईचारा म्हणावं त्यांना. मला बी नाय ठाऊक."

वच्छलाबाईंनी कपात चहा ओतला आणि हाक मारली, "कचरूभाऊ, चहा गार होतोय." त्यानं हातानं थांबा अशी खूण केली. चुना टाकणारा चुकला होता. कचरू त्याच्या हाताला धरून त्याला चार पावलं पुढं घेऊन जात होता.