पोटातला पट्टा

शिवगंगाच्या पोटात एक पट्टा होता, हे लातुरात घरातल्या माणसांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या एका दवाखान्यात तो बसवून तीन वर्षं झाली होती. जठराच्या वरच्या टोकाला रबरासारखी एक कडी, तिच्यापासून निघालेली बारीक नळी आणि नळीच्या शेवटाला, बेंबीच्या वर डाव्या हाताला, कातडीखाली एक बटण. त्या बटणात सुई खुपसून डॉक्टर पाणी भरायचे की कडी आवळायची, पाणी काढलं की सैल व्हायची. घरात त्याला नुसतं 'पट्टा' म्हणत. सासूबाई, गुरम्मा, तर तेवढंही म्हणत नसत. त्या म्हणत, 'ते'.

शिवगंगा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. मुरुडकडची पंचवीस-तीस गावं तिच्याकडे होती. ऑपरेशनच्या आधी वजन एकशे सतरा किलो. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, जीपमध्ये ती बसायला आली की तिघी जणी न सांगता सरकून घ्यायच्या. एकदा तालुक्याच्या बैठकीत तिच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. कुणी हसलं नाही. पण पुढच्या बैठकीला तिच्या जागेवर शाळेतला एक लाकडी बाक आणून ठेवलेला होता. ती मुकाट्यानं त्याच्यावर बसली, बैठक संपेपर्यंत टिपणं घेतली, आणि संध्याकाळी हैदराबादला भावाला, शिवमूर्तीला, फोन केला. बाकीचं त्यानंच जमवलं.

ऑफिसात तिनं पित्ताशयातला खडा काढायचा म्हणून रजा टाकली. वजन उतरत उतरत एक्क्याऐंशीवर आलं तेव्हा सगळ्या विचारू लागल्या. सकाळी चालते आणि रात्रीचं जेवण सोडलंय, असं ती सांगायची. खोटं का बोलते, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. वीस वर्षं ती आयांना लेकरांच्या तोंडात दोन घास जास्त घाला म्हणून सांगत आली होती. वजनकाट्याच्या झोळीत लटकणारी, हाडं निघालेली लेकरं तिनं हजारांनी बघितली होती. आपण आपलं पोट बांधून घेतलंय, हे त्या बायांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

पट्ट्यासोबत राहणं म्हणजे उपाशी राहणं नव्हतं. भूक तशी मरूनच गेली होती. दमवायचं ते दुसरंच. धण्याएवढा घास घ्यायचा, त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा, गिळायचा, थांबायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. भात चिकटायचा, पाव चिकटायचा, भाकरी वरणात कुस्करून पातळ केली तरच उतरायची. बोलता बोलता एखादा घास तसाच गेला तर छातीत मूठ अडकल्यासारखं व्हायचं, तोंडात लाळ भरायची आणि ताटावरून उठून मोरीकडे जावं लागायचं. आंबट नाही, कडू नाही, जसं गिळलं तसंच परत यायचं. दिवसातून तीनदा, प्रत्येक घासावर पहारा. तीन वर्षांत एकही जेवण तिचं गप्पांच्या नादात संपलं नव्हतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तर मोरीकडे जायचीही चोरी झाली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि त्यांच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी. एकदा उलटी झाली की तांब्याभर पाणी जायचं. शिवगंगा भांडी धुतलेलं पाणी एका बादलीत वेगळं ठेवायची आणि ते ओतायची. गुरम्मा लिंगपूजेलाही वाटीभरच पाणी घेत होत्या. त्या बादलीकडे बघायच्या, पण बोलायच्या नाहीत.

गावोगाव हिंडताना खरी पंचाईत पाण्याचीच. उन्हातून माणूस दारात आलं की आधी तांब्या पुढं येतो. बायांनी मैलभरावरून आणलेलं पाणी असायचं ते. शिवगंगाला घटाघटा पिता येत नसे, आणि काही खाल्लेलं असलं तर घोटही घेता येत नसे. ती तांब्या ओठाला लावून खाली ठेवायची. बाया बघायच्या.

मुरुडच्या पुढच्या एका गावात पंचफुलाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. पन्नाशीची, काटक, लेकरांची खिचडी शिजवणारी. तिचं घर दलित वस्तीत, अंगणवाडीला लागूनच. तिनं दोनदा चहाला बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा शिवगंगानं नको म्हटलं होतं. एप्रिलमध्ये तिथली सेविका चांगुणाबाई जीपमध्ये तिच्या शेजारी बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. पंचफुलाबाई म्हणती, मॅडम लिंगायताच्या हायेत, आमच्या वस्तीतलं पाणी त्यांना चालत न्हाई."

असं काही नाही, हे वाक्य शिवगंगाच्या तोंडावर आलं होतं. पण निलंग्याला माहेरी तिच्या आईनं अंगणात कामाला आलेल्या बायांसाठी कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवली होती, आणि त्यांच्या ओंजळीत ती वरून पाणी धरायची. शिवगंगा लहानपणी शेजारी उभी राहून ते बघायची. त्यामुळे ते वाक्य तिला बोलता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात वजनं घ्यायच्या दिवशी ती आपण होऊनच म्हणाली, "पंचफुलाबाई, आज तुमच्याकडं जेवते मी."

पंचफुलाबाई बरं म्हणून घराकडे गेली. लेक बाळंतपणाला आलेली होती, तिला तिनं चुलीपुढून उठवलं आणि भाकरी स्वतः थापली. पिठलं, कांदा, लाल मिरचीचा ठेचा, आणि स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी. ताटाभोवती पंचफुलाबाई, तिची लेक, चांगुणाबाई आणि शेजारच्या दोघी बसल्या.

दहा दिवसांपूर्वीच शिवगंगा हैदराबादला जाऊन आली होती. वजन चार किलोनं वाढलं म्हणून पट्टा आवळून घेतला होता. अजून अंगवळणी पडला नव्हता. सावकाश खायचं, चतकोर संपवायची आणि उठायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण पाच जणी तोंडाकडे बघत असताना एक घास मिनिटभर चावणं तिलाच जड जाऊ लागलं. पंचफुलाबाईनं विचारलं, मीठ जास्त झालंय का? शिवगंगा छान झालंय म्हणाली, आणि ते दाखवायला तिनं दोन घास माणसासारखे घेतले.

दुसरा घास अडकला. तो खाली जाईल म्हणून तिनं पाणी प्यायलं, ही आणखी मोठी चूक. ती उठली, मागच्या दारानं बाहेर गेली आणि बाभळीच्या बुडाशी वाकली. भाकरी, पिठलं, पाणी, सगळं तिथं पडलं. तोंड पुसून वळली तर दारात पंचफुलाबाई तांब्या घेऊन उभी होती. शिवगंगानं हात पुढं केले तेव्हा तिनं तांब्या उंच धरला आणि वरून पाणी ओतलं.

"सकाळपासून पोट बिघडलंय," शिवगंगा म्हणाली.

पंचफुलाबाई आत गेली आणि तिनं ताट उचललं.

त्या संध्याकाळी शिवगंगानं घरी ताक घेऊन बघितलं, ते परत आलं. सकाळी पाणी घेतलं, तेही परत आलं. ती ऑफिसला गेली, अहवाल भरले, उन्हातून घरी आली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा गप्प राहणं सोपं, अशी सवयच लागली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. जीभ टाळूला चिकटायला लागली, उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळं यायचं.

तिसऱ्या सकाळी गुरम्मांनी पूजेतून उठून तिच्यासमोर वाटी ठेवली आणि पी म्हणून सांगितलं. शिवगंगानं घोट घेतला, तो तिला बादलीत टाकावा लागला. गुरम्मांनी मुलाला, शिवगंगाच्या नवऱ्याला, हाक मारली. "शरणू, दुकान बंद ठेव आज. दोन दिवस हिनं पाणी गिळलेलं न्हाई. मी बघून राहिले."

गल्लीतल्या डॉक्टरनं सलाइन लावलं, पण त्या बटणाला हात लावायला तो तयार नव्हता. जिथं बसवलं तिथंच न्या, म्हणाला. शरणप्पानं जीप ठरवली. चालक दगडोबा उदगीरचा. तो वाटभर नव्या जिल्ह्याचं बोलत होता. उदगीर जिल्हा होणारच, कचेरी होईल, मोठा सरकारी दवाखाना होईल, मग असं हैदराबाद गाठायचं कामच राहणार न्हाई. शरणप्पा हूं हूं करत होता. दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं आणि विहिरीभोवती जमलेल्या घागरी. शिवगंगा मागच्या सीटवर आडवी पडून होती. तहान लागली की माणूस पाण्याचा विचार करतं म्हणतात. तिच्या डोळ्यांपुढं मात्र तो उंच धरलेला तांब्या होता.

दवाखान्यात तिचे जुने डॉक्टर नव्हते, त्याच आठवड्यात परदेशी गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोट चाचपलं, बटण शोधलं, सुई घातली आणि पट्ट्यातलं पाणी ओढून घेतलं. सगळं मिळून चमचाभर. एवढ्याशा पाण्यानं आपलं खाणंपिणं अडवलं होतं, हे बघून शिवगंगाला नवल वाटलं. थोड्या वेळानं डॉक्टरणीनं कागदी पेला पुढं केला. शिवगंगानं सवयीनं ओठ ओला होईल एवढाच घोट घेतला आणि थांबली.

"सब पीजिए," डॉक्टरीण म्हणाली.

ती प्यायली. पाणी थेट खाली गेलं, कुठं अडलं नाही. दुसरा पेला मागितला, तोही प्यायली. तीन वर्षांत असं पाणी ती प्यायली नव्हती. तिला आनंद झाला असं नाही, रडूही आलं नाही. फक्त खूप दिवस उचलून धरलेलं काही तरी खाली ठेवल्यावर हात दुखायला लागतात, तसं सगळं अंग दुखायला लागलं.

पोटाचा एक्स-रे काढल्यावर डॉक्टरणीनं सांगितलं की पट्टा जागेवरून जरासा सरकलाय. आता आम्ही असे पट्टे बसवतच नाही. दीड महिना रिकामा राहू द्या. मग एक तर थोडा आवळू, नाही तर काढून टाकू. काढला तर वजन परत येईल, हे मनात धरा.

आठ दिवसांनी शिवगंगा मुरुडच्या पुढच्या त्या गावी गेली. अंगणवाडी सुटल्यावर तिनं चांगुणाबाईला पुढं पाठवलं आणि पंचफुलाबाईला थांबवून घेतलं. पंचफुलाबाई खिचडीचं पातेलं राखेनं घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत. शिवगंगा तिच्यासमोर खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खुर्ची, बाक, ऑपरेशन, खड्याची खोटी रजा, त्या दिवशीचा घास. आईची कानतुटकी कपबशीसुद्धा तिनं सांगितली, ती सांगायची गरज नव्हती तरी.

पंचफुलाबाईनं ऐकून घेतलं. पण तिचा विश्वास बसलेला दिसेना. मोठ्या लोकांची जुळवून आणलेली गोष्ट असेल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तेव्हा शिवगंगानं पदर बाजूला केला, तिचा राखेनं माखलेला हात धरला आणि बोटं बटणावर ठेवली. कातडीखाली ते टणक गोल लागलं तशी पंचफुलाबाईनं बोटं मागं घेतली. मग परत लावून बघितली.

"दुखतं का?"

"न्हाई."

"आन् हे आपल्या हातानं करून घेतलंत?"

"हाव."

पंचफुलाबाईनं पातेलं परत घासायला घेतलं. मग म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतं, मॅडम. तुम्ही गेल्यावर मी ते ताट कुत्र्याला घातलं. दोन दिवस माझ्या पोटात अन्न गेलं न्हाई. लेक म्हणती, जाऊ दे आई. कसं जाऊ द्यायचं? ह्या हातानं सगळ्या गावाची लेकरं जेवत्यात."

"चुकलं माझं," शिवगंगा म्हणाली.

पंचफुलाबाईनं त्यावर बरं म्हटलं नाही आणि असू द्या असंही म्हटलं नाही. तिनं पातेलं पालथं घातलं आणि चहा ठेवू का विचारलं. शिवगंगानं कपभर चहा घेतला. पट्टा सैल होता, चहा सरळ उतरला. दोघी त्या महिन्यात वजन घटलेल्या लेकरांबद्दल बोलल्या. सहा लेकरं होती. दोघांना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागणार होतं.

दीड महिन्यानं शिवगंगानं पट्टा परत आवळून घ्यायला नकार दिला. भावानं फोनवर खूप समजावलं, एवढं सोसलंस ते वाया जाईल म्हणाला. ती म्हणाली, "शिवा, मी दमले रे." पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पट्टा काढून टाकला. तोवर वजन चौऱ्याण्णववर आलं होतं आणि गुडघे पुन्हा बोलू लागले होते. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. चांगुणाबाईपासून ऑफिसातल्या बड्या मॅडमपर्यंत ज्यांनी विचारलं त्यांना तिनं खरं काय ते सांगितलं. काहींनी हळहळ केली, काहींनी मागं काय म्हटलं ते तिच्या कानावर आलं.

ती आता सकाळी खरोखर चालायला जाते. दमते, मध्ये कट्ट्यावर बसते, परत चालते. दुपारी डबा उघडते, अर्धी भाकरी आणि भाजी खाते. कधी बोलता बोलता डबा संपून जातो आणि आपण काय खाल्लं ते तिला आठवत नाही.