ठोके बंद, कारण शांतता

या, अशा पुढे सरका. मागे बसलात तर बारीक आवाज निसटतील, आणि आजची गोष्ट बारीक आवाजांचीच आहे. एक म्हातारा घड्याळजी, त्याची लेक, आणि त्या लेकीचं दुखरं डोकं. देवाचं नाव घेऊन सांगतो, तुम्ही जिवाचा कान करून ऐका.

घड्याळजींना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. गल्ली त्यांना 'टिकटिकबाबा' म्हणायची. दुकान आता लेक चालवायची. बाबा मागच्या स्टुलावर बसून तिच्या चुका काढायचे, आणि चूक सापडली नाही की हिरमुसायचे. त्यांचं एवढंच काम उरलं होतं.

त्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दोघं दवाखान्यात निघाली. वाटेत लेक म्हणाली, "बाबा, आज इंजेक्शन मिळालं तर ठीक. नाहीतर महिनाअखेर दुकानाला कुलूप. अर्धशिशी घेऊन केसाएवढे स्क्रू नाही बसत माझ्याच्यानं."

दुकानाचं बाबांना फारसं काही वाटत नव्हतं. पण लेकीच्या आईलाही हेच दुखणं होतं, आणि तिनेही एकेक गोष्ट अशीच सोडली होती. आधी गाणं, मग शिवण, मग खिडकीतला उजेड. तेव्हा औषध म्हणजे ओलं फडकं आणि ओढलेला पडदा. त्या बिचारीने कपाळाला फडकं बांधून देवापुढे दिवा लावला, पण गाऱ्हाणं म्हणून कधी घातलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लेकीची डोकेदुखीची डायरी चाळली. "महिन्याला सात दिवस. गोळ्या दोन प्रकारच्या घेऊन झाल्यात. मग इतक्यात सुया नकोत. आणखी एक गोळी चार महिने घेऊन बघू."

लेकीने पर्स उचलली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"बाई, सात? सात कसे असतील?"

"बाबा, मी रोज लिहिते," लेक म्हणाली.

"काय लिहितेस?"

"ज्या दिवशी आडवी पडते, तो दिवस."

"आणि उभ्याने दुखतं तेव्हा?"

"ते काय लिहायचं! आई म्हणायची, उभं राहता येतंय तोवर ते दुखणं नव्हे."

बाबांनी कोटाच्या खिशातून तेलकट पुठ्ठ्याची वही काढली. घड्याळाचे ठोके मुद्दाम बंद केले की तारीख आणि कारण वहीत लिहायचं, ही त्यांची पन्नास वर्षांची शिस्त. नाहीतर पुढचा कारागीर नादुरुस्त समजून धडधाकट घड्याळ खोलून ठेवतो. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळालाही तोच नियम होता.

बाईंनी वाचलं. "ठोके बंद, कारण शांतता." खाली तेच, त्याखाली तेच. बोटाने मोजत गेल्या. गेल्या महिन्यात अठरा दिवस.

"म्हणजे माझं डोकं दुखलं की तुम्ही ठोके बंद करायचात? पण तुम्हाला कसं कळायचं मला दुखतंय ते?" लेकीने विचारलं.

"भिंग तू उजव्या डोळ्याला लावतेस. दुखायला लागलं की डाव्याला लावतेस. पन्नास वर्षं मी कारागिरांच्या डोळ्यांपुढची भिंगंच बघतोय, पोरी."

बाईंनी डायरी बाजूला सारली. "हे महिन्याला पंधरा दिवसांच्या वर गेलं. मग सगळेच रस्ते मोकळे." आणि त्यांनी तीन कागद मांडले.

पहिलं पेनसारखं इंजेक्शन, महिन्यातून एकदा, घरच्या घरी मांडीत. त्याने काहींना बद्धकोष्ठ होतं, रक्तदाबही चढू शकतो. दुसरं त्याच कुळातलं, पण तीन महिन्यांतून एकदा, एकाच बैठकीत तीन टोचे. टोचल्या जागी लाली येते, दुखते. तिसरं दवाखान्यातच घ्यायचं, दर बारा आठवड्यांनी. कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून एकतीस बारीक टोचे. काहींची मान थोडे दिवस ढिली पडते.

"म्हणजे महिन्याची किल्ली, नाहीतर तीन महिन्यांची किल्ली," बाबा म्हणाले. "पण बाई, चालतं कोणतं नीट?"

"यांची आपसात शर्यत लावून कुणी बघितलं म्हणावं, असं फारसं नाही. साधारण निम्म्या लोकांचे दुखरे दिवस निम्म्यावर येतात. काहींना काहीच होत नाही. म्हणून निवड करायची ती तुमच्या दिवसाला काय झेपतं ते बघून."

"माझा बीपी आधीच वर असतो," लेक म्हणाली. "पहिलं नको. आणि मान ढिली पडली तर दिवसभर टेबलावर वाकणार कोण?"

"मी वाकतो की!"

"तुम्ही वाकलात तर सरळ करायला दुसरा दवाखाना शोधावा लागेल, बाबा."

नर्सबाई खुदकन हसल्या. दुसरं, तीन टोच्यांचं ठरलं; बीपी मात्र तपासत राहायचा, असं बाईंनी बजावलं. औषध फ्रिजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवलं, गारपणा जाईपर्यंत. तो अर्धा तास बाबांनी मनगटावरच्या घड्याळात मोजला, आणि नर्सबाईंना चार मिनिटं आधी उठल्याबद्दल परत बसवलं.

पहिल्या महिन्यात वहीत सतरा नोंदी. बाबा जेवले नाहीत नीट. दुसऱ्या महिन्यात बारा. तिसऱ्यात नऊ. दुखणं गेलं नव्हतं, पण दिवस नऊच उरले होते. दुकानाला कुलूप लागलं नाही.

एका दुपारी घरातल्या घड्याळाने बाराचे ठोके सुरू केले. बाबा सवयीने उठले, हात वर गेला. स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "वाजू द्या हो." बारा पूर्ण वाजले. बाबा उभेच होते.

मग ते कपाटाशी गेले आणि लेकीच्या आईच्या काळातली वही काढली. आवाज नको म्हणून आई कप दोन्ही हातांनी खाली ठेवू लागली की ते ठोके बंद करायचे. लिहिलं रोज होतं, बेरीज कधी केली नव्हती. आज एका महिन्याची केली. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच.

"बाबा, काय झालं?"

"तुझी आई महिन्याचे एकवीस दिवस दुखणं घेऊन उभी राहायची गं. आणि मी म्हणायचो, कधीमधी दुखतं तिचं डोकं."

लेक शेजारी येऊन बसली. दोघांनी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.

मंडळी, गोष्ट इथवरच. आता एक मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी कप दोन्ही हातांनी खाली ठेवत असेल, किंवा कधीकाळी ठेवत असे. घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांची आणि या एकवीस दिवसवाल्या माउलीची आठवण काढा.