पाण्याच्या कॅनची साक्ष

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती. मधोमध बुटक्या स्टुलावर माझ्या शेजारच्या मावशी, त्यांच्याभोवती माणसांचे तीन दाट वेढे, आणि समोर मूठ आवळून, चमत्कार दाखवायला आलेले तरंगमहाराज.

मावशींच्या मनगटात भाचीने दिलेलं कडं होतं. पडल्याझडल्या तर त्याचं बटण दाबायचं, की बाहेर रखवालदाराच्या टेबलावर लाल दिवा लागतो. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हा त्या दिव्यानेच माणसं धावली होती.

"दाबा माई!"

मावशींनी दाबलं. बाहेरून रखवालदार ओरडला, "नाही लागला!"

"लागेल कसा? हवेतल्या साऱ्या लहरी या मुठीत आहेत! आता मंडळी, भिंतीकडे सरा. लह लह लहर, सोड तुझा कहर! दाबा!"

"लागला! लागला!"

टाळ्यांनी खिडक्या थरथरल्या. महाराज गोड हसले. "यंत्र माझं ऐकतं, माई. मग यंत्र कशाला? माझा मंतरलेला दोराच बांधा. उद्या सकाळी कडं माझ्या हातात द्या."

घरी येऊन मावशी कडं कुरवाळत बसल्या. "ऐन वेळी हे रुसलं तर गं?"

मी तडक भाचीला बोलावलं. बिनतारी बोलणारी यंत्रं तपासणं हीच तिची नोकरी.

"तू कडं काढणार, मावशी?"

"डोळ्यांनी पाहिलं गं मी!"

भाची माझ्याकडे वळली. "काकू, कोण कुठे उभं होतं?"

"सगळे स्टुलाला चिकटून. महाराजांनीच उभं केलं. सभागृह भरेपर्यंत सुरुवातसुद्धा केली नाही."

तिने कपाळावर हात मारला. "चूक आमचीच! आम्ही रिकाम्या खोलीत चाचणी घेतो. खुर्च्यासुद्धा बाहेर काढतो, आकडे स्वच्छ यावेत म्हणून. माणसं भरून कुणी तपासलंच नाही!"

सकाळी महाराज दोऱ्यांचं ताट घेऊन हजर झाले, तर सभागृहात प्यायच्या पाण्याचे मोठाले कॅन! घराघरांतून मागून आणलेले, रिकामे. भाचीने मावशींना मध्ये बसवून भोवती कॅनची दुहेरी भिंत रचली. बटण दाबलं, दिवा लागला. मग नळी लावून एकेक कॅन भरला. लोक जांभया देत थांबले. पुन्हा बटण.

"नाही लागला!" रखवालदार ओरडला.



"माणूस म्हणजे चालतंबोलतं पाण्याचं मडकं," भाची म्हणाली. "या कड्याची लहर पाण्यात शिरली की विरते. काल लहरी महाराजांच्या मुठीत नव्हत्या, तुमच्या अंगांत अडकल्या होत्या. तुम्ही भिंतीकडे सरलात, वाट मोकळी झाली."

रखवालदाराने दारात येऊन ढेरीवरून हात फिरवला. "तरीच माझ्या बायकोचा निरोप मला पोचत नाही!"

हशा ओसरला, तशी भाची म्हणाली, "महाराज, उघडा मूठ. लावा दिवा."

महाराजांनी तीनदा 'लह लह' केलं. मावशींनी तीनदा दाबलं. दिवा ढिम्म.

"पाणी अपवित्र आहे!"

कॅनच्या आडून मावशी कडाडल्या, "अहो, रोज पितो ते आम्ही!"

भाचीने शिडीवर चढून छताला निरोप झेलून पुढे धाडणारी काडेपेटीएवढी डबी चिकटवली. "आडवी वाट अडली, तर निरोप वरून जाईल. आणि कड्यालाही मी शिकवलंय, 'पोचलं' असं उत्तर येईपर्यंत हाका मारत राहायचं. आता या सगळे, कालच्यासारखे दाटीने!"

कॅनभोवती अख्खी इमारत दाटली. मावशींनी डोळे मिटून बटण दाबलं. 

"लागला हो!"

त्या गलबल्यात महाराज कधी सटकले, कळलंही नाही. दोऱ्यांचं ताट तेवढं मागे राहिलं. मावशींनी त्या दोऱ्यांनी जुनी वर्तमानपत्रं बांधली आणि बांधता बांधता गुणगुणल्या:

हाकेला ओ येईना, नको दोऱ्यामागे धावू,
वाट कुठे गं अडली, आधी तिथे जाऊन पाहू.

बायांनो, बाबांनो, मीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणून सांगते. नवल दिसलं तर खुशाल तोंडात बोट घाला. फक्त हात जोडण्याआधी एवढं विचारा, कोण कुठे उभं होतं? आणि एकदा स्वतः कॅन भरून बघा. भाचीने तर आपली चूकही सगळ्यांसमोर कबूल केली. महाराजांना तेवढंच जमलं नाही.

मावशींचं कडं आता मनगटातच असतं. न्हाणीघरातसुद्धा.