न पाहिलेल्या पेशीचं चित्र

मित्रांनो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीशी बसलेला एक जुना मायक्रोस्कोप तुमच्याशी बोलतो आहे. पितळेची मान, लोखंडी पाय आणि पोटाशी उजेड गोळा करणारा गोल आरसा, एवढाच माझा संसार. कारागिराने माझं भिंग जीव ओतून घासलं होतं. आजवर किती मुलांनी मला डोळा लावला, त्याची गणती नाही. कुणाचं काजळ लागलं, कुणाचं नाक. मी कुरकुर केली नाही.

मग वर्ग घरोघरी पडद्यावर भरू लागले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. स्क्रू गंजले. प्रयोगशाळा सांभाळणारे मामा अधूनमधून मला पुसत आणि म्हणत, बाबा रे, सध्या आपण दोघेही बिनकामाचे.

वर्ग पुन्हा भरले, तेव्हा माझ्या वाट्याला एक नवी मुलगी आली. घरी बसून दिलेल्या परीक्षांत तिने एकही गुण सोडला नव्हता, म्हणून सगळे तिला 'शंभर नंबरी' म्हणत. तिने एक डोळा मिटला, दुसरा मला लावला आणि वहीत कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी काढल्या. सगळं जिथल्या तिथे, अगदी सुबक.

बाईंनी आधी चित्र पाहिलं, मग मला. माझ्या भिंगाखाली पापुद्र्याची काचपट्टीच नव्हती.

"हिला वायफायवरून दिसतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि मागची बाकं हसली.

पोरीचा बांध फुटला. तिने कालच वसतिगृहातून घरी फोन केला होता. संध्याकाळी बाबा तिला कायमचं न्यायला येणार होते. "मला पडद्यावरचंच येतं, बाई. हाताने काही येत नाही."

बाईंनी हसणाऱ्यांच्या वह्या मागवल्या. एका बहाद्दराने भिंगात दिसलेल्या स्वतःच्याच पापण्यांचं चित्र काढून खाली 'मुळे' असं लिहिलं होतं. मग हसू सगळ्यांच्याच वाट्याला आलं.

"चित्र राहू दे," बाई तिला म्हणाल्या. "दिसेल ते नुसतं सांग. नाही दिसलं, तर तेही सांग."

तिने काचपट्टी ठेवली. आधी म्हणाली, सगळं काळं आहे. आरसा फिरवला, तर सगळं पांढरं. स्क्रू हळूहळू फिरवताना काळ्या काठाचा गोल दिसला. तो निघाला हवेचा बुडबुडा. मग तिने स्क्रू आणखी जरासा फिरवला.

"बाई, या पेशी वाकड्या आहेत. पुस्तकातल्यासारख्या नाहीत."

"मग वाकड्याच काढ."

संध्याकाळी बाबा आले. तिने त्यांना माझ्यासमोर बसवलं. त्यांना काही दिसेना, तर ही म्हणते कशी, "घाई नको, बाबा. आधी आरसा." बऱ्याच वेळाने ते "अरेच्चा" एवढंच म्हणाले आणि एकटेच घरी परतले. ती पोर अजून माझ्याकडेच बसते.

मित्रांनो, माझ्या भिंगाला बोट लावू नका. मऊ कापडाने पुसा आणि जाताना झाकण घाला. आणि दिसत नसेल, तर खुशाल तसं सांगा. त्याने माझं काही बिघडत नाही. घाईघाईने नळी खाली दामटली, तर मात्र काच फुटते.