नागप्पांनी मोजलेले सोळाशे मीटर

घाटनांदूरच्या स्टेशनापासून एक कच्चा रस्ता रुळांना धरून बराच लांब जातो. त्या रस्त्यावर मला सोळाशे मीटर मोजून द्या, असं ईश्वरीनं म्हटलं आणि गावात अर्धा दिवस वाद झाला. तिच्या गल्लीतल्या अंगदच्या मोबाइलनं पंधराशे ऐंशी सांगितले, शेजारच्या बजरंगच्या मोबाइलनं सोळाशे साठ. अंगदचं म्हणणं, महागाचा मोबाइल खोटं बोलत नाही. बजरंगचं म्हणणं, स्वस्ताच्या मोबाइलला खोटं बोलायचं कारणच काय. शेवटी ठरलं, की मापाचा माणूस गावात एकच. तो म्हणजे ईश्वरीचे आजोबा, कापडवाले नागप्पा.

नागप्पांच्या मापाची ख्याती होती. कपाळाला विभूती, हातात लोखंडी गज. गज मीटरचा झाला त्याला जमाना लोटला, पण दुकानात त्याला गजच म्हणतात. कापड मोजून झालं, की कात्री लावण्याआधी नागप्पा ते चार बोटं पुढं सरकवत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून म्हणत, "हे आपल्याकडून." या चार बोटांसाठी बाया अंबाजोगाईची दुकानं सोडून त्यांच्याकडे येत.

त्यांनी दुकानात बसून पन्नास मीटर सुतळी गजावर मोजली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि ती बत्तीस वेळा रस्त्यावर टाकली. शेवटी सवयीनं चार बोटं जास्त सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथं चुना फासलेला दगड ठेवला गेला.

ईश्वरीला लष्करी पोलिसात जायचं होतं. भरती पुण्याला, एक महिन्यावर. मुलींना सोळाशे मीटरला साडेसात मिनिटं. एक सेकंद जास्त झाला तर सरळ घरी. पुढच्या साली तिचं वय उलटणार होतं. म्हणजे संधी हीच.

माजी सरपंच सुंदरराव दुकानाच्या ओट्यावर बसून देशाच्या संरक्षणावर रोज बोलत. त्यांचं एकच पालुपद होतं.

"पोरांना पावनेसहा मिन्टं, पोरींना साडेसात. का बरं? दुश्मन काय म्हननार हाय, ताई, तुमी या सावकाश, आमी थांबतो?"

"काका, तुमी किती मिन्टात पळता?" ईश्वरी विचारायची.

"मला कुटं जायचंय बॉर्डरवर?"

"मला जायचंय. आधी आत तर जाऊ द्या, मग पुढचं बघू."

दगड ठेवल्यापासून आठवडाभरात ती सात मिनिटं वीस सेकंदांत पोचू लागली. अंगद घड्याळ धरायचा आणि स्वतःच पळाल्यासारखा धापा टाकायचा. सत्काराच्या फ्लेक्सचं माप घेऊन झालं. सुंदररावांनी त्यावर आपल्या फोटोची जागाही सांगून ठेवली.

मग एका सकाळी नागप्पांचं लक्ष रुळाकडेच्या दगडाकडे गेलं. रेल्वेचा किलोमीटरचा दगड. तो रोज समोर होता, म्हणूनच कुणाला सुचला नव्हता. नागप्पांनी गंमत म्हणून सुतळी आणली आणि या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत टाकत गेले. वीस वेळा टाकली, की दगड लागायला हवा होता. लागला एकविसाव्या खेपेला, आणि त्या खेपेलाही जवळजवळ सगळी सुतळी संपली.

रेल्वे चुकली असणार, असं त्यांनी दोन दिवस मानून पाहिलं. सरकारी काम, कुणी नीट मोजतंय? पण दोन दिवस जेवण गेलं नाही. गल्ल्यावर बसवेना, उठवेना. घडी घातलेले तागे ते पुन्हा उलगडत आणि पुन्हा घडी घालत.

तिसऱ्या दिवशी कौशल्याबाई परकराचं कापड घ्यायला आल्या. नागप्पा गज चालवू लागले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. गज संपला, अंगठ्यानं कापड धरलं. अंगठा गजाच्या टोकावर नव्हता, दोन बोटं अलीकडे होता. पुढच्या मीटरला पुन्हा दोन बोटं अलीकडे. हा अंगठा वडिलांनी शिकवला होता की आपोआप आला होता, ते त्यांना आठवेना. प्रत्येक मीटरला दोन बोटं जात होती आणि शेवटी एकदाच चार परत मिळत होती. लोकांना चारच दिसायची. एवढी वर्षं नागप्पांनाही चारच दिसली होती.

म्हणजे सुतळी दोन मीटर कमी, रस्ता चौसष्ट मीटर कमी. म्हणजे सात-वीस हे खरं सात-वीस नव्हतंच. खऱ्या सोळाशेला ईश्वरी सात-अडतीसला पोचली असती, आणि पुण्याच्या लोकांनी तिला गेटाबाहेर काढलं असतं.

सांगणं सोपं होतं. पण ईश्वरीला सांगितलं, की अंगदला कळणार. अंगदला कळलं, की बाजाराला. म्हणून नागप्पांनी एक व्यापारी तोडगा काढला. रोज उजाडता उजाडता, ईश्वरीच्या आधी रस्त्यावर जायचं आणि दगड आठ लांब पावलं, म्हणजे आठ मीटर, पुढं ठेवायचा. आठ दिवसांत माप बरोबर होणार. पोरीला पळायला मिळणार, दुकानाला धक्का नाही.

पहिल्या दिवशी ईश्वरी सात-बावीसला आली. मग सात-चोवीस. मग सात-सत्तावीस. ती रोज जास्त जोर लावायची आणि रोज उशिरा पोचायची.

तिनं बूट बदलले. चहा सोडला. तिच्या आईनं, गंगासागरनं, खारीक-खोबरं सुरू केलं. दोन दिवसांनी, त्यानंच अंग जड झालं म्हणून बंद केलं. अंगदनं अंडी सुचवली, तेव्हा नागप्पांच्या शाकाहारी घरात त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही. ईश्वरी जेवता जेवता उठून मांड्या चाचपायची. जिन्यावर थांबून श्वास मोजायची. आईनं विचारलं, "काय होतंय गं?" तर म्हणायची, "काय न्हाई," आणि पुन्हा मोजायची. नागप्पा शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकत आणि पोथीचं तेच पान उलटत.

आठव्या दिवशी अंगदनं घड्याळ पाठीमागं लपवलं. तिनं ते हिसकावून पाहिलं. सात-अडतीस.

त्या दुपारी ती बूट हातात घेऊन दुकानात आली. ओट्यावर सुंदरराव होते, आत कौशल्याबाई चोळखण बघत होत्या.

"आज्जा, पुण्याचं तिकीट काढू नका. मी जात न्हाई."

नागप्पांच्या हातातला गज थांबला.

"कावून?"

"होत न्हाई माझ्यानं. आधी व्हायचं, आता न्हाई. अंगच साथ देईना."

सुंदरराव प्रेमानं म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. बाईच्या शरीराला एक हद्द असती. सरकारनं टाइम वाढवून दिला, तो उगाच का? तरीबी बसंना म्हनल्यावर—"

"सुंदरराव," नागप्पा म्हणाले, "जरा गप बसा."

हे वाक्य त्या ओट्यावर पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सुंदरराव नवलानंच गप्प बसले.

नागप्पांनी चोळखणाचा तागा ओढला, गज लावला आणि सावकाश एक मीटर मोजला. मग अंगठा तसाच धरून गज बाजूला केला आणि पुन्हा लावून दाखवला.

"हे बघा. दोन बोटं. दर मीटरला. सुतळीबी अशीच मोजली. रस्ता चौसष्ट मीटर कमी होता. पोरीचं अंग ठीक हाय, माझा अंगठा ठीक न्हाई."

कौशल्याबाईंनी हातातला चोळखण हळूच खाली ठेवला.

ईश्वरी म्हणाली, "पन आता तर माझा टाइम वाढला. रस्ता तर तोच हाय ना?"

"न्हाई. रोज आठ पावलं. दगड मीच सरकवत होतो. आज पुरे सोळाशे झाले."

तिनं बूट खाली ठेवले. तिला मापाचा राग आला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि नागप्पांना तेच जास्त लागलं.

"आठ दिवस," ती म्हणाली, "मी माझ्या पायांना शिव्या देत होते. तुमी शेजारच्या खोलीत बसला होता."

ती बूट घेऊन गेली. सुंदरराव घसा साफ करून म्हणाले, "मंग नागप्पा, माझं धोतर—"

"अर्धी वीत आखूड असंल," कौशल्याबाई म्हणाल्या. "मला वाटायचं तुमीच जाड झालात."

पुढचे काही दिवस दुकानात नेहमीपेक्षा फार गर्दी झाली. बाया जुने परकर घेऊन येत, नागप्पा मुकाट्यानं पट्ट्या कापून देत. ईश्वरी सकाळी पळायची, संध्याकाळी पळायची आणि आजोबांशी बोलायची नाही. खरे सोळाशे मीटर एकदा सात-चौतीस झाले, एकदा सात-तेहेतीस, निघायच्या आदल्या दिवशी सात-एकतीस. त्या एका सेकंदाच्या काळजीनं अख्खं घर उभं राहून जेवलं.

पुण्याला सोबत नागप्पाच गेले. मुलगा विश्वेश्वर दुकान सांभाळायला राहिला. आता दुकान सोडायची भीती नागप्पांना नव्हती, दुकानात बसायची होती. सगळ्या प्रवासात ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती. पालकांना मैदानात सोडत नव्हते. नागप्पा गेटापासून झाडापर्यंत आणि झाडापासून गेटापर्यंत फिरत राहिले. पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी झाड एकतीस पावलांवर होतं.

ऊन चढल्यावर ती बाहेर आली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, दंडावर निळ्या शाईनं नंबर.

"किती?"

"सात-सव्वीस."

नागप्पा झाडाला टेकले. "म्हंजे झालीस?"

"पळण्यात झाले. उडी झाली. आता मेडिकल हाय." मग तिनं मैदानाकडे मागं वळून पाहिलं. "आज्जा, कोल्हापूरकडची एक पोरगी पाच-चाळीसला आली."

"पाच-चाळीस?"

"ती पोरांच्या टाइमात बसली असती. आरामात. पळून झाल्यावर धापबी लागली नव्हती तिला. पानी पिऊन हसत होती."

"बरं मग. तू पास झालीस ना?"

"झाले," ती म्हणाली, "पन तिला बघितलं ना मी."

नागप्पांनी डब्यातलं धपाटं पुढं केलं. तिनं अर्धं तोडलं, हातातच धरलं आणि गेटाच्या जाळीशी जाऊन आत पळणाऱ्या पुढच्या तुकडीकडे बघत उभी राहिली. मेडिकलसाठी पुकारलेलं तिचं नावही तिला दुसऱ्या वेळेलाच ऐकू गेलं.