चार बोटं आत सरकलेली बकलं

आमचे हे दर रविवारी पहाटे पक्षी बघायला जातात आणि दुपारी येऊन दुर्बिणीचे घामट पट्टे माझ्यापुढं टाकतात. ते कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. उन्हात इलॅस्टिकची वाट लागते. हौस यांची आणि राबणूक माझी.

हे पट्टे दोन्ही खांद्यांवरून येतात, पाठीवर फुली होते आणि दुर्बीण छातीशी टेकून राहते. बकलं एकदा अंगाच्या मापानं लावली की पुन्हा कोणी हात लावत नाही. इतकी वर्षं एकाच जागी राहिल्यानं तिथं पट्ट्यांना पक्की घडी पडली होती. या रविवारी धुताना बघते तर काय, बकलं घडीपासून चार बोटं आत, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कोण ही बारकुडी, जिच्या गळ्यात माझ्या नवऱ्याची दुर्बीण?

मी काही दुधखुळी नाही. हल्ली घरी आले की ‘पोट भरलंय’ म्हणतात. जुन्या चांगल्या असताना दोन नव्या पँटी आणल्या. नवं जाकीट घरातसुद्धा अंगावरून उतरत नाही. झोपतातही बाहेरच्या खोलीत, म्हणे पहाटे माझी झोपमोड नको. या वयात एवढा पुळका? फोनवर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग गप्प काय बसलीस? तोंडावर विचार."

पट्टे वाळले तशी मी विचारलंच. "तुमच्याबरोबर कोण असतं?"

"कोण असणार? मी एकटाच."

"मग ही बकलं कुणाच्या मापाची?"

"सरकली असतील."

"आपोआप? ती हलवताना नखं तुटतात माझी. घाला बघू अंगात."

"नंतर बघू."

"आत्ता."

ते दाराकडं वळले. मी जाकिटाची बाही धरून ओढली आणि ते काढूनच घेतलं. पट्टे खांद्यांवर चढवले, पाठीवरची फुली सरळ केली. आता छातीवर अडकणार, मग बघते काय थाप मारतात, असं म्हणत बकलं लावली.

कुठंच अडकलं नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत एवढीच ढील ठेवायची असते. माझी दोन बोटं अगदी बरोब्बर गेली. बोटांखाली फासळ्या लागत होत्या. एकेक वेगळी.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मी विचारलं.

"दाखवलंय." ते खाली बघत राहिले. "एवढा रविवार होऊ दे, मग तुला सांगू, असं दर रविवारी ठरवायचो."

मला पाहिजे होती ती बाई. कशीही, कुठलीही. तिच्याशी मी भांडले तरी असते.