भावजींचा अंदाज

बेकरीत रोज दुपारी भांडण व्हायचं आणि ते गिऱ्हाइकांच्या देखत व्हायचं. काउंटरवर बसलेल्या काकू मागच्या खोलीकडे मान वळवून ओरडायच्या, "भावजी, परत जास्त भिजवलंत! आता हा ढीग कोण खाणार?" भट्टीपाशी उभे असलेले त्यांचे दीर पिठाचे हात झटकत म्हणायचे, "चुकलं, वहिनी." गिऱ्हाइकं हसायची. कुणी म्हणायचं, हाताला चव आहे पण अंदाज कच्चा. गल्लीनं त्यांना 'जास्तीवाले' असं नावही ठेवून दिलं होतं.

खरी गोष्ट उलटी होती. भावजींचा अंदाज इतका पक्का होता की नवरा गेल्यावर काकूंनी दुकान हातात घेतलं तेव्हा पहिल्या वर्षात क्वचितच एखादा पाव उरला असेल. ढगाळ हवा असो, शाळांना सुट्टी असो, समोरच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे असोत, भावजी सकाळी दारात उभं राहून जरा इकडेतिकडे बघायचे आणि तेवढंच पीठ घ्यायचे. बेकरीवाल्याची सगळी इज्जत पिठाच्या अंदाजात असते. संध्याकाळी फळ्या रिकाम्या दिसल्या की त्यांची छाती फुगायची.

मग मेट्रनबाई आल्या आणि सगळं बिघडलं.

मेट्रनबाई इस्पितळातल्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण ताठ्यातून नाही. इस्पितळात भरती झालेल्यांच्या बाहेरगावच्या नातेवाइकांना राहायला त्यांनी निवारा काढला होता: चार खोल्या, गाद्या, एक शेगडी आणि भिंतीवर कडक नियम. त्यातला सगळ्यात कडक नियम मात्र भिंतीवर नव्हता, बाईंच्या तोंडात होता. "टाकायचं असेल तर आम्हाला द्या. द्यायचं असेल तर नको." एका बड्या व्यापाऱ्यानं घोंगड्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याला घेऊन आला. बाईंनी पांघरून झोपलेल्या माणसांना न उठवता बाकीच्या घोंगड्या घडी करून त्याच्या गाडीत ठेवल्या आणि अंगावरच्या सकाळी पोचत्या केल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरचं माणूस आत पडलेलं असताना बाहेर बसलेल्यानं वर कुणाचे उपकार वाहायचे नाहीत. फुकट जाणारी वस्तू घेतली तर कुणी कुणाचं देणं लागत नाही.

हे काकूंना ठाऊक नव्हतं. पावसानं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं अशा एका संध्याकाळी बाईंनी दुकानात येऊन विचारलं, "उरलेलं काय करता?" काकूंनी पिशव्या भरून दिल्या. बाई दुसऱ्या दिवशीही आल्या. त्या दिवशी काहीच उरलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "थांबा, बिस्किटं देते," तर बाई म्हणाल्या, "ती विकायची आहेत ना?" आणि रिकाम्या पिशव्या घेऊन गेल्या. काकूंना रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी दिरापुढे विषय काढला.

"मुद्दाम उरवायचं?" भावजींनी असं तोंड केलं, जणू कुणीतरी त्यांना चोरी करायला सांगितली आहे.

"उरवायचं, आणि उरलंय असं दिसायलाही हवं."

तिथून नाटक सुरू झालं. निवाऱ्याचा पाव दुपारच्या दुसऱ्या घाण्यात भाजायचा. गरम पाव हातात घेतला तर बाईंना लगेच कळलं असतं. म्हणून तो मागच्या खिडकीत जाळीवर पसरून गार करायचा. पिशवीत वरच्या थराला एकदोन वाकडे, चेपलेले घालायचे. सुरुवातीला तेच जमेना. भावजींच्या हातून पाव वाकडा होईना! शेवटी ते भाजायच्या आधी डोळे मिटून ट्रेला एक बुक्की मारायचे. आणि दुपारचं भांडण ही काकूंची भर होती, कारण गल्लीतली गोष्ट गल्लीतून निवाऱ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

काकूंच्या पुढ्यात भावजींनी कधी तक्रार केली नाही. पण 'जास्तीवाले' हे नाव ऐकलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, हे काकूंनी पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

फुटलं ते जावयासमोर. भावजींचा जावई सहज भेटायला आला होता आणि काउंटरपाशी उभा होता. तेवढ्यात व्यापारी मंडळाचे सचिव पाव घ्यायला आले. त्यांचं चपलांचं दुकान, माणूस मनानं चांगला, फक्त जिभेला हाड नाही. "काय जास्तीवाले," ते आत डोकावून म्हणाले, "केस पांढरे झाले, अजून पीठ मोजता येईना?" जावई हसला. भावजी भट्टीपासून बाहेर आले. काकूंनी डोळ्यांनी खूप दटावलं, पण गाडी घसरली होती.

"कोण म्हणतं मला मोजता येत नाही? एक पाव उरत नाही माझा. एक! निवाऱ्यासाठी मुद्दाम भाजतो, रोज, ताजा. विचारा वहिनींना."

सचिव पाव न घेताच गेले. जाताना त्यांचे डोळे ओले होते. मंडळाचा 'सचोटी सन्मान' जवळ आला होता. इमानानं धंदा करणारं एक दुकान आणि लोकांच्या उपयोगी पडणारी एक संस्था, असा दोघांचा सत्कार दरवर्षी व्हायचा. त्या वर्षी बेकरी आणि निवारा, दोघांची निवड झाली आणि सचिवांना वाटलं की आपण दुधात साखर घातली.

काकू चपलांच्या दुकानात गेल्या. "माझं नाव काढून टाका," त्या म्हणाल्या.

"आता कसं? मानपत्र छापून झालंय. आणि काकू, चांगलं काम झाकून ठेवलं तर दुसऱ्यानं शिकायचं कुणाकडून?"

सचिवांचं चूक असतं तर भांडता आलं असतं. मेट्रनबाईंना पाव मुद्दाम भाजलेला आहे हे भर सभेत कळलं की दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या नाहीत, आणि निवाऱ्यातली माणसं नुसत्या चहावर राहतील, हे काकू त्यांना समजावून सांगू लागल्या. सचिव म्हणाले, "असं कोण करेल? उलट त्यांना आनंदच होईल." बाईंनी ज्याच्या घोंगड्या परत केल्या होत्या त्या व्यापाऱ्यालाही असंच वाटलं होतं.

सत्काराला सभागृह भरलं होतं. मेट्रनबाई कडक इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भावजी जावयाला घेऊन मागे बसले होते, दाढी घोटलेली, सदरा नवा. इतक्या वर्षांनी गावासमोर खरं सांगितलं जाणार म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता. काकूंनी तो चेहरा स्टेजवरून पाहिला आणि त्यांना सभागृहातून पळून जावंसं वाटलं.

सचिव वाचू लागले. "...उरल्याचा बहाणा करून, निवाऱ्यातल्या बांधवांसाठी दररोज मुद्दाम ताजा पाव..."

मेट्रनबाईंनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि तेच वाईट होतं. काकू उठल्या आणि सचिवांच्या बाजूनं माइकपाशी गेल्या.

"हे चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "सचिवसाहेब मोठ्या मनाचे आहेत, त्यांना सगळे तसेच वाटतात. आमच्या दिरांना पिठाचा अंदाज येत नाही. रोज उरतं. फेकायचं जिवावर येतं, म्हणून बाईंना देते. त्या घेऊन जातात हे आमच्यावरच उपकार आहेत. याला बक्षीस दिलंत तर उद्या केर काढल्याबद्दलही द्यावं लागेल."

लोक हसले. मग हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शिळा देतात होय!" काकूंचं मानचिन्ह टेबलावरच राहिलं. मेट्रनबाईंनी आपलं घेतलं, "आभारी आहे" म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या. भावजींच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती, कारण जावई पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला तो परत आला नव्हता.

घरी जाताना भावजी दोन पावलं पुढे चालत होते. वळणावर ते थांबले.

"चारचौघांत, वहिनी."

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"उद्यापासून मी मोजूनच भिजवणार. माझा पाव उरणार नाही. बाईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

एका बाईचा मान राखायला काकूंनी दुसऱ्या माणसाचा मान मोडून वापरला होता, आणि हे त्या रोज दुपारी करत आल्या होत्या. आज फक्त त्याला माइक लागला. त्यांना स्वतःची लाज वाटली. भावजींची बाजू खरी होती, आणि निवाऱ्यातल्या माणसांची भूकही खरी होती.

सकाळी दुकान उघडलं तर गिऱ्हाइकं आली, पण नेहमीसारखी नाही. रोज डोळे झाकून पिशवी पुढे करणारी माणसं पाव दाबून बघू लागली. "आजचाच ना?" एकीनं विचारलं. दुसऱ्यानं वास घेतला आणि परत ठेवला. फळ्या भरलेल्याच होत्या. मागे भावजी सगळं ऐकत होते. त्यांनी त्या दिवसाचं पीठ मोजून घेतलं होतं आणि ते सुद्धा आता उरणार असं दिसत होतं. पहिल्यांदाच, खरोखर.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. त्या सकाळी कधी येत नसत. हातात पिशव्या नव्हत्या. त्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या आणि सरकत सरकत काउंटरपाशी आल्या.

"एक पाव," त्या म्हणाल्या आणि पैसे ठेवले.

काकूंनी पाव दिला. बाईंनी तो तिथेच मोडला. आतून वाफ आली. त्यांनी तो दाबला नाही, हुंगला नाही. कोरडाच खायला सुरुवात केली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत, आणि तोवर दुकानात कुणी हललं नाही. मग रुमालानं बोटं पुसून त्यांनी विचारलं, "भट्टीवर कोण असतं?"

भावजी दारात येऊन उभे राहिले. कोपरापर्यंत पीठ, मान खाली.

"मी तीन वर्षं तुमचा पाव खातेय," मेट्रनबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता, वॉर्डात लागतो तसला. "निवाऱ्यात आजवर कुणाचं पोट बिघडलं नाही. असा हात मी दुसरा पाहिला नाही."

पाव परत ठेवणाऱ्या माणसानं तोच पाव हळूच उचलून घेतला.

भावजींनी मान वर केली. बाई जायला वळल्या होत्या, पण उंबऱ्यापाशी थांबल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली आला. जेमतेम काकूंना आणि भावजींना ऐकू जावा इतकाच.

"अंदाज तेवढा सुधारू नका."

त्या गेल्या. काकूंनी दिराकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण चेहरा कालच्या सभागृहातल्यासारखा फुलला होता. ते आत गेले, आणि पिठाचं दुसरं पोतं सोडायला लागले.